‘उंदीर’ म्हणजे नेमका कोणता?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञानाच्या पानावर मेंदूतील रिसेप्टर आणि संवेदनांची गाळणी या विषयावरचा लेख नुकताच वाचला. विषय अवघड आहे, मराठीत त्यावर क्वचितच कोणी लिहिते, आणि लेखकाने तो हाती घेतला याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन करतो. मात्र ‘उंदरांच्या मेंदूतील डोपामीनचा डी-२ रिसेप्टर चेतवला की नको असलेल्या संवेदना अडवणारी गाळणी निकामी होते’ हे ज्या विधानावर सारा लेख उभा आहे, ते अर्धे बरोबर आणि अर्धे दिशाभूल करणारे आहे. मी अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आणि हीच चूक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत वारंवार पाहिली, म्हणून थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

आधी शब्दाचा एक घोळ निस्तरला पाहिजे. त्वचेत, डोळ्यांत, कानांत ज्या पेशी बाहेरचे उद्दीपन टिपतात त्यांना आपण ग्राही म्हणतो. आणि चेतापेशीच्या पटलात बसलेले जे प्रथिनांचे रेणू डोपामीन, ग्लुटामेट, सेरोटोनिन असे रासायनिक निरोप ओळखतात, त्यांनाही ग्राहीच म्हणतो. लेखात हे दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात आल्यामुळे, कानातल्या पेशी बिघडल्या की गाळणी बिघडते, असा समज वाचकाचा सहज व्हावा. प्रत्यक्षात कान सर्व काही टिपत असतो. टिपलेल्यातले पुढे किती जाऊ द्यायचे याचा निवाडा आत, चेतापेशींच्या जाळ्यात होतो, आणि त्या निवाड्यावर दुसऱ्या अर्थाचे ग्राही परिणाम करतात. या पत्रात मी ‘रिसेप्टर’ हा शब्द फक्त त्या रेणूंसाठी वापरतो.

आता गाळणी मोजतात कशी, ते पाहू. लेखात याचा उल्लेखच नाही आणि गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. प्राण्याला एका पारदर्शक नळकांड्यात ठेवतात. त्यात तो जेमतेम वळू शकतो. नळकांड्याखाली हालचालीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा संवेदक असतो. खोक्याचे दार लावले की आत सुमारे ६५ ते ७० डेसिबलचा एकसुरी खरखराट चालू असतो. पाच मिनिटे काहीच करायचे नाही, प्राण्याला रुळू द्यायचे. मग अचानक १२० डेसिबलचा, सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढा छोटा आवाज होतो आणि प्राणी दचकतो. दचकण्याची ही क्रिया इतकी वेगवान आहे की कानावर आवाज पडल्यापासून स्नायू आकसायला सुरुवात होईपर्यंत दहा मिलिसेकंदही लागत नाहीत. संगणकाच्या पडद्यावर एक टोकदार शिखर उमटते. पुढच्या खेपेस त्याच मोठ्या आवाजाच्या १०० मिलिसेकंद आधी खरखराटाच्या जेमतेम वर डोके काढणारा एक हलका आवाज देतात. तो इतका हलका असतो की एरवी त्याने प्राण्याची मिशीही हलू नये. तरीही त्यामागून येणाऱ्या मोठ्या आवाजाला प्राणी निम्म्यानेच, कधी त्याहूनही कमी दचकतो. शिखर पडद्यावर बसके दिसते. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे, आणि तो बसका उंचवटा पाहताना अजूनही नवल वाटते, कारण प्राण्याला काहीही शिकवलेले नसते. अगदी पहिल्याच जोडीला हा परिणाम दिसतो.

याला प्रीपल्स इनहिबिशन म्हणतात. मराठीत ‘पूर्वस्पंदाचा अटकाव’ म्हणता येईल. हॉवर्ड हॉफमन यांनी १९६० च्या दशकात प्रयोगशाळेतील प्राण्यांवर त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. हलका आवाज मेंदूत शिरला की त्याची छाननी पुरी होईपर्यंत काही क्षण इतर आवाजांना दार अर्धे लोटलेले राहते, असा त्याचा अर्थ लावला जातो. १९७८ मध्ये डेव्हिड ब्रॅफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हा अटकाव कमी पडतो असे दाखवले, आणि तेव्हापासून हे मोजमाप मनोविकारांच्या संशोधनात रूढ झाले. मात्र मोजले जाते ते दचकणे. ‘संवेदनांची गाळणी’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, आणि दोहोंमधले अंतर लेखकाने एका ओळीत उडी मारून पार केले आहे.

रिसेप्टरांकडे वळतो. रॅटला अपोमॉर्फीन हे डोपामीनचे रिसेप्टर चेतवणारे औषध टोचले की पूर्वस्पंदाचा अटकाव घटतो, आणि डी-२ रिसेप्टर अडवणारे हॅलोपेरिडॉल आधी दिले की तो टिकून राहतो. हे १९८० च्या दशकात दाखवले गेले आणि पुढे अनेक प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसले. तेवढ्यापुरते लेखातले विधान बरोबर आहे. पण मी मुद्दाम ‘रॅट’ लिहिले. आपल्या भाषेत रॅट आणि माऊस दोघांनाही आपण उंदीर म्हणतो आणि घरात कोणताही निघाला तरी आपल्याला फरक पडत नाही. प्रयोगशाळेत मात्र पडतो. पूर्ण वाढलेला नर रॅट ३०० ते ५०० ग्रॅमचा, माऊस २० ते ३० ग्रॅमचा. दोघांचे पूर्वज वेगळे होऊन १ कोटीहून अधिक वर्षे लोटली आहेत. आणि ज्या अपोमॉर्फीनचा परिणाम रॅटमध्ये मुख्यतः डी-२ मार्फत होतो, त्याच अपोमॉर्फीनचा परिणाम माऊसमध्ये डी-१ वर अवलंबून असल्याचे दिसते: जनुक काढून टाकून डी-२ रिसेप्टर नसलेले माऊस तयार केले तरी अपोमॉर्फीनने त्यांचा अटकाव घटतोच, डी-१ नसलेल्यांचा मात्र घटत नाही. अँफेटामीन वापरले की चित्र उलटते. हे औषध स्वतः रिसेप्टरला न चिकटता चेतापेशींकडून डोपामीन सोडवून घेते, आणि त्याचा परिणाम होण्यासाठी माऊसमध्येही डी-२ लागतो. म्हणजे प्राणी तोच ठेवून औषध बदलले तरी जबाबदार रिसेप्टर बदलतो.

सेरोटोनिनच्या बाबतीत फरक याहूनही ठळक आहे. ५-एचटी-१-ए हा सेरोटोनिनचा एक रिसेप्टर चेतवला तर रॅटमध्ये अटकाव घटतो आणि माऊसमध्ये वाढतो. एकाच रिसेप्टरचे दोन प्राण्यांत उलट परिणाम, आणि मराठी वाक्य मात्र दोन्हीकडे एकच: ‘उंदरांमध्ये असे आढळले.’ अशी दोन वृत्ते वेगवेगळ्या दिवशी वाचणाऱ्या वाचकाने शास्त्रज्ञांचे आपापसांत पटत नाही असाच ग्रह करून घ्यावा, यात त्याचा काय दोष? एवढेच कशाला, रॅटच्या स्प्रेग-डॉली या वाणावर अपोमॉर्फीनचा जितका परिणाम होतो तितका लाँग-इव्हान्स या वाणावर होत नाही. तेव्हा बातमीत प्राणी आणि वाण यांची नावे छापणे हा शास्त्रीय काटेकोरपणाचा हट्ट नाही, ती बातमीतलीच माहिती आहे.

लेखातील दुसरी गोष्ट मला अधिक खटकली. रिसेप्टर म्हणजेच गाळणी, असे चित्र त्यात उभे राहते. जणू जाळीची भोके म्हणजे रिसेप्टर. वस्तुस्थिती अशी की अटकावाचे मूळ मंडल, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या चेतापेशींचे जाळे, मेंदूच्या तळाशी असलेल्या मेंदूस्तंभात आहे. रॅटचा पुढचा मेंदू मेंदूस्तंभापासून शस्त्रक्रियेने तोडला तरी पूर्वस्पंदाने दचकणे कमी होते. आणि डोपामीनच्या ज्या रिसेप्टरांबद्दल लेख आहे त्यांचे या कामातले महत्त्वाचे ठिकाण, न्यूक्लियस अक्युम्बेन्स, पुढच्याच मेंदूत आहे. तिथून येणारे निरोप मेंदूस्तंभातल्या मंडलाची पकड घट्ट किंवा सैल करतात. मंडलाचे काम त्यांच्यावाचूनही चालते. सतारीची तार आणि खुंटी यांत जो फरक आहे तोच इथे आहे: खुंटी पिळली की सूर बदलतो, म्हणून सूर खुंटीतून निघतो असे कोणी म्हणत नाही.

अटकावाची ही व्यवस्था उत्क्रांतीत फार जुनी असावी असे वाटण्याजोगे पुरावे आहेत. ट्रिटोनिया नावाच्या समुद्री गोगलगाईसारख्या प्राण्यातही पूर्वस्पंदाचा अटकाव सापडला, आणि २००३ मध्ये त्याची पेशींच्या पातळीवरची यंत्रणा उलगडून दाखवली गेली: हलक्या स्पर्शाने जागी झालेली चेतापेशी, मोठ्या उद्दीपनाचा निरोप आणणाऱ्या तंतूच्या टोकाशीच जाऊन त्याचा आवाज दाबते, म्हणजे निरोप पुढच्या पेशीला मिळण्याआधीच क्षीण होतो. झेब्राफिशच्या चिमुकल्या, पारदर्शक पिल्लांतही अटकाव दिसतो. थोडे विषयांतर होईल, पण गाळणीचे याहून देखणे उदाहरण मला माहीत नाही म्हणून सांगतो: नर रातकिडा पंख घासून किरकिरतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या कानांपाशी आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि त्याचे कान पुढच्या पायांवर असतात. तो बहिरा का होत नाही? कारण पंख हलवण्याचा आदेश देणाऱ्या जाळ्यातूनच एक चेतापेशी, पंखाच्या प्रत्येक घासेच्या नेमक्या क्षणी, ऐकण्याच्या चेतापेशींना दाबून धरते. २००६ मध्ये ही एकुलती एक चेतापेशी ओळखली गेली. दोन घासांमधल्या फटीत रातकिड्याला बाहेरचे पुन्हा ऐकू येते. इथे गाळणीचे सारे मर्म वेळ साधण्यात आहे.

रिसेप्टर कोणता यापेक्षा तो कुठे बसला आहे हे किती निर्णायक असते, याचे उदाहरण त्याच डी-२ मधून देता येईल. वास सोडून बाकी सर्व संवेदना मोठ्या मेंदूकडे जाताना थॅलॅमसमधून जातात. या थॅलॅमसभोवती दाबून धरणाऱ्या चेतापेशींचे एक पातळ वेष्टन आहे, आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये त्याची कल्पना लक्ष वळवणाऱ्या शोधदिव्यासारखी केली होती. वास मात्र नाकातून थेट घ्राणकंदात पोहोचतो आणि त्याची पहिली छाननी तिथेच होते. घ्राणकंदात शिरणाऱ्या तंतूंच्या टोकांवर डी-२ रिसेप्टर असतात. ते चेतवले की तंतूतून कमी ग्लुटामेट सुटतो आणि वासाचा निरोप दबतो. म्हणजे घ्राणकंदात डी-२ चेतवल्याने गाळणी घट्ट होते, आणि न्यूक्लियस अक्युम्बेन्समध्ये तोच डी-२ चेतवल्याने अटकाव सैल पडतो. ‘डी-२ चेतवला की गाळणी फाटते’ असे सरसकट लिहिणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कशा बसवायच्या?

लेखकाने ओझरता उल्लेख केलेल्या निकोटीनविषयीही काही लिहिणे आवश्यक आहे, कारण तो भाग वाचून धूम्रपानाचे समर्थन शोधणाऱ्यांना हुरूप येईल. इथे मोजमाप दुसरेच आहे. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन सारखे टकटक आवाज ऐकवतात आणि मेंदूतील विद्युत्‌लहर नोंदवतात. निरोगी मेंदूत दुसऱ्या आवाजाची लहर पहिलीपेक्षा बरीच लहान असते. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत ती तितकी लहान होत नाही, हे १९८२ मध्ये रॉबर्ट फ्रीडमन यांच्या गटाने दाखवले. यामागे हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील अल्फा-७ नावाच्या निकोटिनिक, म्हणजे निकोटीनने चेतणाऱ्या, रिसेप्टरचा हात असल्याचे पुढे प्राण्यांत दिसले, आणि त्यासाठी कामी आले ते सापाचे विष. मण्यार कुळातल्या, अंगावर अनेक पट्टे असलेल्या एका सापाच्या विषातून चँग आणि ली यांनी १९६३ मध्ये अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे केले होते. ते अल्फा-७ ला घट्ट चिकटून त्याचे दार बंद करते. रॅटच्या मेंदूत ते सोडले की दुसरा टकटक आवाजही पहिल्याइतकाच मोठा उमटू लागतो. तर्क असा की पहिला आवाज अल्फा-७ मार्फत काही दाबणाऱ्या चेतापेशींना जागे करतो, त्या गाबा हे दाबणारे रसायन सोडतात, आणि गाबाच्या बी प्रकारच्या रिसेप्टरांमुळे पुढचे अर्धे सेकंद ग्लुटामेटची सुटका मंदावते. गाळणी कोणा एका रिसेप्टरची नसून ही एक साखळी आहे, हे इथे स्पष्ट दिसते.

निकोटीनने ही लहर काही काळ सुधारते हे खरे. पण अल्फा-७ हा रिसेप्टर निकोटीनला चटकन बधिर होतो, त्यामुळे परिणाम अल्पकाळ टिकतो. हा रिसेप्टर चेतवणारे एनसेनिक्लीन हे औषध माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत उद्दिष्ट गाठू शकले नाही. सिगारेटच्या धुरात याहून चांगले औषध दडले आहे असे मानायला जागा नाही.

याच संदर्भात डीबीए/२ नावाच्या माऊसच्या वाणाचे नाव नेहमी येते. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अल्फा-७ कमी असतात आणि दुसऱ्या आवाजाची लहरही दबत नाही, म्हणून स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासासाठी ते सोयीचे ठरले. पण या माऊसना तरुणपणीच ऐकू कमी येऊ लागते. हलका आवाज ज्याला ऐकूच आला नाही त्याचा अटकाव कमी पडला, तर दोष गाळणीचा की कानाचा? चांगले संशोधक हे तपासतात. बातमीत मात्र तो तपास कधीच येत नाही.

आकड्यांचीही अशीच एक खोच आहे. समजा नुसत्या मोठ्या आवाजाला शिखर ५०० एककांचे आणि पूर्वस्पंदानंतर २०० चे, तर अटकाव ६० टक्के. औषध दिल्यावर ५०० चे ४५० झाले तर अटकाव १० टक्के, आणि गाळणी सैल झाली म्हणता येईल. पण औषधाने प्राणी मुळातच मलूल झाला आणि १०० चे ९० झाले, तरीही उत्तर १० टक्केच येते. टक्केवारी सारखीच, अर्थ वेगळा. म्हणून दचकण्याचा मूळ आकडा शेजारी छापल्याशिवाय नुसत्या टक्केवारीला किंमत नसते.

केटामीनबद्दल लेखात जे आले आहे त्यात एकच भर घालतो. ग्लुटामेटचा एनएमडीए रिसेप्टर अडवणाऱ्या केटामीन, फेनसायक्लिडीन, डायझोसिल्पीन या औषधांनी रॅटमधील अटकाव घटतो, आणि हॅलोपेरिडॉलने तो पूर्ववत होत नाही. म्हणजे हा मार्ग डी-२ च्या मार्गाहून वेगळा आहे. निरोगी माणसांना केटामीन देऊन केलेल्या प्रयोगांत मात्र निष्कर्ष मिश्र आहेत, काहींत अटकाव वाढलेलाही दिसला. प्राण्यावरून माणसाकडे जाणारा पूल इथे मधोमध डळमळतो, आणि लेखकाने तो बिनदिक्कत ओलांडला आहे.

आणखी एक प्रयोग लेखात हवा होता असे मला राहून राहून वाटते, कारण त्यात कोणतेही औषध नाही आणि कोणत्याही जनुकाला हात लावलेला नाही. रॅटच्या पिल्लाला दूध तुटल्यावर भावंडांपासून वेगळे काढून एकट्याला पिंजऱ्यात वाढवले, तर मोठेपणी त्याचा पूर्वस्पंदाचा अटकाव कमी भरतो. बरोबरीने वाढलेल्या भावंडांचा ठीक असतो. अन्न, पाणी, उजेड सारखेच. एकट्याने वाढलेल्याला मनोविकारावरची औषधे दिली की अटकाव बऱ्याच अंशी सुधारतो, म्हणजे रिसेप्टरांचा संबंध आहेच. परंतु त्यांची घडी विस्कटली ती एकटेपणामुळे. रिसेप्टर हे कारण मानायचे की परिणाम, हा प्रश्न या एका प्रयोगाने इतका टोकदार होतो की नुसत्या रिसेप्टरच्या नावावर थांबणारे स्पष्टीकरण मला तरी अपुरे वाटते.

लेखाच्या शीर्षकातील ‘स्किझोफ्रेनिया झालेला उंदीर’ या शब्दयोजनेबद्दल मात्र मला तीव्र आक्षेप नोंदवायचा आहे. अटकाव कमी होणे हे स्किझोफ्रेनियाचे खास लक्षण नाही. हंटिंग्टन विकारात आणि मंत्रचळाच्या विकारातही तो कमी आढळला आहे. ज्या प्राण्याला भास होतात की नाही हे विचारताही येत नाही, त्याला दचकण्याच्या एका आकड्यावरून माणसाच्या आजाराचे नाव देणे, हे आजारी माणसांवरही अन्याय करणारे आहे. ‘अटकाव कमी असलेला माऊस’ असे शीर्षक फिके वाटेल, पण ते खरे असेल.

यापुढे अशा वृत्तांत प्राणी रॅट होता की माऊस, कोणत्या वाणाचा, रिसेप्टर चेतवला की अडवला, मेंदूच्या कोणत्या भागात, आणि मोजले नेमके काय, एवढे पाच तपशील द्यावेत अशी विनंती आहे. त्यासाठी दोन ओळी पुरतात. रॅट व माऊस यांसाठी कोणी चांगले, सुटसुटीत मराठी शब्द सुचवले तर त्यांचे स्वागतच आहे. तोवर हेच दोन शब्द देवनागरीत चालू द्यावेत.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक

ता. क. लेखासोबतच्या छायाचित्रात पांढरा, लाल डोळ्यांचा, तळहात भरून उरेल एवढा रॅट आहे. मजकुरात वर्णन केलेले, जनुक काढून टाकलेले प्राणी माऊस होते.